सातव्या दिवसाचा निवाडा

मामांना न्यूमोनियामुळे अतिदक्षता विभागात हलवलं, तेव्हा बाहेर आलेल्या तरुण डॉक्टरांनी दोनच वाक्यं सांगितली. 'पेशंट क्रिटिकल आहे. बहात्तर तास काही सांगता येणार नाही.' पहिलं वाक्य ऐकून मामी खाली बसल्या. दुसरं वाक्य मात्र आम्ही सगळ्यांनी घट्ट धरून ठेवलं. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर लगेच मोजणी सुरू झाली. धाकट्या मावशीचं म्हणणं, तास दाखल केल्यापासून धरायचे. मामेभावाचं म्हणणं, आत नेल्यापासून. मामींनी पर्समधलं छोटं कॅलेंडर काढून अमावास्या कधी आहे ते पाहिलं आणि काही न बोलता परत ठेवलं. ताप नेमका कधी चढला, मंगळवारी रात्री की बुधवारी पहाटे, यावर तर चक्क वाद झाला.

त्या डॉक्टरांना कदाचित कल्पना नसेल, पण त्यांची दोन्ही वाक्यं एकाच जुन्या ग्रीक शब्दाच्या पोटातली होती. तो शब्द 'क्रिसिस'. 'क्रिटिकल' त्याच्याच धातूपासून निघाला, आणि 'अमुक इतका काळ गेला की कळेल' हेही मूळचं त्याचंच म्हणणं. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीक वैद्य रोग्याच्या उशाशी बसून दिवस मोजत होते आणि त्यातला ठराविक दिवस उगवला की आज निकाल लागणार असं सांगत होते. पुढे त्या दिवसांभोवती आकड्यांचं रान माजलं. आज हा सगळा पसारा आपण 'अंकशास्त्र' म्हणून एकाच टोपलीत टाकतो आणि टोपली अंधश्रद्धेच्या खोलीत ठेवून देतो. माझी तक्रार त्या टोपलीबद्दल आहे. तिच्यात दोन अगदी वेगळ्या जातींचे आकडे एकत्र कोंबले गेले आहेत.

आधी शब्द पाहू. 'क्रिनो' या ग्रीक क्रियापदाचा मुळातला अर्थ वेगळं करणं, निवडणं. 'इलियड'च्या पाचव्या सर्गात एक दृष्टान्त आहे. खळ्यावर उफणणी चालली आहे, वारा सुटला आहे, पिवळ्या केसांची धान्यदेवता डिमीटर दाणा आणि भूस वेगळं करते आहे आणि उडालेल्या भुसाचे ढीग पांढरे होत चालले आहेत. तिथल्या 'वेगळं करण्या'ला होमरने हेच क्रियापद वापरलं आहे. खळ्यावरून हा शब्द न्यायालयात गेला. अथेन्समध्ये खटल्याच्या निकालाला 'क्रिसिस' म्हणत, निकाल देणाऱ्याला 'क्रितेस'. ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस इराणी युद्धाबद्दल लिहितो तेव्हा दोन आरमारी आणि दोन जमिनीवरच्या लढायांत त्याची झटपट 'क्रिसिस' झाली असं म्हणतो, म्हणजे त्याचा सोक्षमोक्ष लागला.

मराठीत आपण 'क्रायसिस'साठी संकट म्हणतो, पेचप्रसंग म्हणतो, आणीबाणी म्हणतो. या सगळ्यांत भीती आहे, पण निवड नाही. खरं तर मूळ अर्थाला चपखल बसणारा शब्द आपल्या घरातच पडून आहे. तांदूळ आपण 'निवडतो', आणि त्याच क्रियापदाच्या कुळातला 'निवाडा' पंचांच्या तोंडी असतो. सुपातल्या खड्यापासून चावडीवरच्या निकालापर्यंतचा जो प्रवास ग्रीक शब्दाने केला, तोच मराठी शब्दाने आपल्या वाटेने केला. म्हणून हिपोक्रेटिसच्या परंपरेतले वैद्य 'क्रिसिस' म्हणत तेव्हा त्यांच्या मनात संकट नसे, निवाडा असे. रोग आणि शरीर यांचा खटला चालू आहे. शरीरातले दोष शिजताहेत, पिकताहेत. पुरते पिकले की घाम फुटून, लघवीवाटे, नाकातून रक्त जाऊन किंवा कुठेतरी गळू धरून ते बाहेर पडतील आणि निकाल लागेल. तो सुटकेचा असेल किंवा मृत्यूचा. त्यांच्या टिपणांत 'निवाडा झाला' या अर्थाचं एकच क्रियापद कितीदा तरी येतं, तारखेसकट.

ही टिपणं पाहायला हवीत. 'एपिडेमिक्स' या ग्रंथाच्या पहिल्या आणि तिसऱ्या भागात मिळून ४२ रोग्यांची दिवसवार हकिगत आहे. पहिलाच रोगी फिलिस्कस, तटबंदीजवळ राहणारा. पहिल्या दिवशी सणसणून ताप, घाम, रात्र अस्वस्थ. दुसऱ्या दिवशी सगळं वाढलं. संध्याकाळी बस्ती दिला, रात्री डोळा लागला. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ताप उतरलेला वाटला, आणि संध्याकाळी पुन्हा उसळला; जीभ कोरडी, लघवी काळी, झोप नाही, बडबड सुरू. चौथा दिवस आणखी वाईट. पाचव्या दिवशी दुपारी नाकातून थोडं रक्त. हातपाय गार, ते परत ऊबदार होईनात. सहाव्या दिवशी दुपारच्या सुमाराला गेला. शेवटपर्यंत श्वास खोल आणि विरळ होता. घ्यायचा राहून गेला आणि मग आठवला, अशा धाटणीचा. प्लीहा सुजलेली. आणि एक नोंद: ताप सम दिवशी जास्त चढत होता.

उपचारांच्या नावाखाली जवळपास काहीच नाही. वैद्य काय करतो? बसतो, बघतो, दिवस मोजतो. थर्मामीटर नाही, रक्ततपासणी नाही. छातीवर ठेवलेला हात आणि मोजलेला दिवस एवढीच साधनं. त्यातला दिवस हे त्याचं एकमेव अचूक माप होतं, आणि ते त्याने इमानाने वापरलं.

मोजण्यासारखं तिथे खरोखरच काही होतं. भूमध्य समुद्राच्या काठी हिवताप घरोघरी होता आणि हिवताप घड्याळ लावल्यासारखा येतो. काही जातींचे परजीवी रक्तपेशीत वाढून ४८ तासांनी एकदम फुटतात, एका जातीला ७२ तास लागतात. पेशी फुटल्या की हुडहुडी भरते. कॅमिलो गोल्जी या इटालियन शास्त्रज्ञाने १८८०च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली हा ताळमेळ दाखवून दिला. ग्रीकांनी दोन हजार वर्षं आधी नुसत्या मोजणीतून हे ताप वेगळे ओळखले होते आणि त्यांना 'तिसऱ्या दिवसाचा' आणि 'चौथ्या दिवसाचा' अशी नावं दिली होती. ४८ तासांनी येणारा ताप तिसऱ्या दिवसाचा कसा, असं आज कुणी विचारेल. ते पहिला दिवसही मोजणीत धरत. आपल्याला हे समजायला अडचण पडू नये: 'आठ दिवसांनी या' म्हणताना आपण सातच दिवस सांगत असतो, आणि त्या सात दिवसांना आपण 'आठवडा'च म्हणतो. चरकसंहितेतही याच हिशेबाने एक दिवसाआड येणारा ताप 'तृतीयक' आहे आणि दोन दिवस सोडून येणारा 'चतुर्थक'.

सातव्या दिवसाचं म्हणाल तर न्यूमोनिया आहेच. फुप्फुसाचा एक सबंध कप्पा धरणारा न्यूमोनिया औषधाविना राहिला तर बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या मध्ये, पुष्कळदा सातव्याच्या आसपास, रोग्याला दरदरून घाम फुटे, काही तासांत ताप साफ उतरे आणि माणूस लहान मुलासारखा झोपी जाई. जंतूंवर नेम धरणारी प्रतिद्रव्यं तयार व्हायला शरीराला तेवढे दिवस लागतात. विसाव्या शतकात आधी सल्फा आणि मग पेनिसिलिन आलं आणि हे दृश्य रुग्णालयांतून नाहीसं झालं. आपल्याकडच्या जुन्या माणसांना 'मुदतीचा ताप' हा शब्द आठवेल. विषमज्वराला मुदत होती, तीन आठवड्यांची. मुदत संपेपर्यंत पेज, पाणी आणि पाळत एवढंच हाती होतं. १९४८च्या सुमाराला क्लोरॅम्फेनिकॉल वापरात आलं आणि ती मुदत मोडली. 'मुदत' हा कर्जाच्या कागदावरचा शब्द, 'क्रिसिस' कोर्टातला. तापाला तारखा असतात हे दोन्ही भाषांना उशाशी बसूनच कळलं होतं.

इथवर आकडा खाटेजवळचा आहे, पायावर उभा आहे. गडबड पुढे होते.

'प्रोग्नोस्टिक' या ग्रंथात निवाड्याचे दिवस असे दिले आहेत: चौथा, सातवा, अकरावा, चौदावा, सतरावा, विसावा; मग चौतिसावा, चाळिसावा, साठावा. चार-चार दिवसांचे गट आहेत हे उघड आहे, पण ते कसे जोडलेत बघा. एक ते चार, मग चार ते सात: चौथा दिवस दोन्ही गटांत. पुढे आठ ते अकरा, अकरा ते चौदा. म्हणजे पहिला आठवडा सातव्याला संपला आणि दुसरा आठव्याला लागला. तिसरा आठवडा मात्र पंधराव्याला लागत नाही, चौदाव्यालाच लागतो, आणि म्हणून विसाव्याला संपतो. दोन घरांत एक भिंत सामाईक आणि दोन घरांत नाही. का? कारण निकाल विसाव्याला लागताना दिसले होते, एकविसाव्याला नव्हे, निदान त्या वैद्यांना तसं वाटत होतं. आणि तो लेखक प्रामाणिक आहे. तो लगेच सांगून टाकतो की हा हिशेब पूर्ण दिवसांत नेमका बसवता येत नाही, जसं वर्ष आणि महिनाही पूर्ण दिवसांत बसत नाहीत. 'एपिडेमिक्स'मधली यादी तर याहून वेगळीच आहे. तिथे सहावा, आठवा, दहावाही निवाड्याचे आहेत.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये वैद्यकाचा ग्रंथकार सेल्ससने या विसंगतीवर नेमकं बोट ठेवलं. जुन्या वैद्यांना त्या काळी गाजत असलेल्या पायथागोरसपंथीय आकड्यांनी चकवलं, असं त्याने स्वच्छ लिहिलं. विषम दिवस महत्त्वाचे म्हणता आणि त्यात चौदावा घालता, हे कसं? दिवस मोजण्यापेक्षा ताप कधी चढतो-उतरतो ते पाहा आणि त्याप्रमाणे जेवू घाला, हा त्याचा सल्ला. त्याच्याआधी बिथिनियाच्या अस्क्लेपियाडीस या वैद्याने तर हे दिवसांचं प्रकरण सरसकट निकालात काढलं होतं. म्हणजे प्राचीन लोक एकजात भोळे होते आणि शंका आपणच पहिल्यांदा काढली, असं मुळीच नाही.

पण इतिहासाने ऐकलं गेलनचं. दुसऱ्या शतकातल्या या पेर्गामॉनच्या वैद्याने निवाड्यावर तीन आणि निवाड्याच्या दिवसांवर तीन पुस्तकं लिहिली. सातवा दिवस त्याला दयाळू राजासारखा वाटे आणि सहावा जुलमी सत्ताधीशासारखा. सहाव्याला लागलेला निकाल विश्वासाचा नाही. (बिचारा फिलिस्कस.) तरीही गेलन नुसता आकडेवेडा नव्हता. सात या संख्येतच काही शक्ती आहे, कारण कृत्तिका सात आणि थीब्ज नगरीच्या वेशी सात, असं म्हणणाऱ्यांची त्याने टिंगल केली आहे. ती टिंगलही जुनीच. अॅरिस्टॉटलने 'मेटाफिजिक्स'च्या अखेरीस विचारलं होतं की थीब्जवर सात वीर चालून गेले ते सात आकड्याच्या स्वभावामुळे, की शहराला वेशी सात होत्या म्हणून? कृत्तिका आपण सात मोजतो, तसे इतर लोक आणखी तारे मोजतात, हेही त्याने सुनावलं. मोजणी अशी बदलते हे त्याला आपल्याकडे येऊन उलट बाजूनेही पडताळता आलं असतं. आपल्याकडे कृत्तिका सहा. म्हणून तर कार्तिकेय सहा आयांचा आणि सहा तोंडांचा. आभाळ तेच, तारे तेच, मोजणारे वेगळे.

मग गेलनने सातव्या दिवसाचं कारण शोधलं ते चंद्रात. आणि इथे विसावा दिवस घशात अडकला. चंद्राचा महिना २९ १/२ दिवसांचा. त्याचा चौथा भाग सात दिवसांहून जास्त भरतो. तीन आठवडे मोजले तर बावीस दिवस उलटून जातात. विसाव्याला पोहोचायचं कसं? गेलन म्हणतो, अमावास्येच्या आसपास तीन दिवस चंद्र दिसतच नाही, तेवढे वजा करा: राहिले २६ १/२. दुसरीकडे चंद्र राशिचक्राची एक फेरी २७ १/३ दिवसांत पुरी करतो. या दोन्हींची सरासरी काढा. मी कागदावर काढून पाहिली: २६ दिवस २२ तास. त्याचा चौथा भाग ६ दिवस साडेसतरा तास. असे तीन आठवडे म्हणजे २० दिवस साडेचार तास. आला विसावा! काटेकोर पाहिलं तर वीस दिवस भरून साडेचार तास गेले की एकविसावा लागलेला असतो. पण इतक्या मेहनतीनंतर तेवढं चालवून घेतलं असावं.

या हिशेबात गणिताची चूक एकही नाही. तरी तो खोटा आहे, कारण ज्या दोन राशींची सरासरी काढली त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. एक आहे चंद्र किती दिवस दिसतो ती, दुसरी तो किती दिवसांत फिरतो ती. मुंबई-पुणे बसला लागणारा वेळ आणि पुण्यात दूधवाला यायची वेळ यांची सरासरी निघते, पण तिचं करायचं काय? उत्तर आधी ठरलं होतं आणि आकडे मागून जमवले गेले. गणित चोख असलं म्हणजे विचार चोख असतो असं नाही, याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाकने गेलनचं हे पुस्तक अरबीत नेलं, तिथून ते लॅटिनमध्ये परतलं आणि युरोपातले वैद्य कित्येक शतकं पंचांग उघडून नाडी पाहत राहिले. इटालियन तत्त्वज्ञ पिको देल्ला मिरान्दोलाने पंधराव्या शतकाच्या अखेरीस या चंद्रगणितावर टीका केली. वैद्य फ्राकास्तोरोने १५३८ मध्ये दिवसांचं कारण ताऱ्यांतून काढून पुन्हा शरीरातल्या दोषांत आणून ठेवलं. दिवसांना हात लावायचं धाडस मात्र त्यालाही झालं नाही.

आता दुसऱ्या जातीचा आकडा.

ग्रीकांना अंकांसाठी वेगळी चिन्हं नव्हती; अक्षरंच अंक होती. आल्फा १, बीटा २, काप्पा २०, ऱ्हो १००, सिग्मा २००. म्हणजे प्रत्येक शब्द हा एक हिशेब आणि प्रत्येक नाव एक बेरीज. लोकांनी या गोष्टीचा खेळ केला नसता तरच नवल. पॉम्पेईच्या एका भिंतीवर कुणा प्रियकराने खरडून ठेवलं आहे की जिचा आकडा ५४५ तिच्यावर माझं प्रेम आहे. पुढे या खेळाचं शास्त्र झालं: दोन शब्दांची बेरीज सारखी आली की त्यांचं आतून काही नातं असलंच पाहिजे.

एका संध्याकाळी मी 'क्रिसिस'ची बेरीज करायला बसलो. काप्पा २०, ऱ्हो १००, आयोटा १०, सिग्मा २००, आयोटा १०, सिग्मा २००. एकूण ५४०. आणि खरं सांगतो, अंगावर काटा आला. पंचकोनाच्या आतल्या कोनांची बेरीज ५४० अंश! पायथागोरसपंथीय पंचकोनी चांदणीला 'आरोग्य' म्हणत, असं ग्रीक लेखक ल्यूशियनने नोंदवून ठेवलं आहे. म्हणजे रोगाच्या निवाड्याचा आकडा आरोग्याच्या आकृतीत दडलेला! मग हाव सुटली. याच शब्दाची षष्ठी विभक्ती 'क्रिसेओस', म्हणजे 'निवाड्याचा'. बेरीज १३३५. बायबलच्या नव्या करारात 'निवाड्याचा दिवस' याच रूपाने येतो, आणि जुन्या करारातल्या दानीएलच्या ग्रंथाच्या शेवटी जो धीर धरून दिवस गाठील तो धन्य असं म्हटलंय, ते दिवस किती? १३३५! मग अनेकवचन, 'क्रिसेइस': ५४५. पॉम्पेईतली ती अनामिक मुलगी. प्रियकराच्या मानाने बेरीज फारच समर्पक.

अर्ध्या तासात तीन चमत्कार. चहा घेतला आणि एकेकाकडे नीट पाहिलं. ५४० अंश म्हणायला वर्तुळाचे ३६० अंश लागतात. ती पद्धत ग्रीकांकडे बाबिलोनहून हिपोक्रेटिसनंतर कितीतरी पिढ्यांनी आली. युक्लिडला विचारलं असतं तर त्याने पंचकोनाचे कोन 'सहा काटकोन' सांगितले असते. दानीएलचा तो अध्याय हिब्रूत लिहिलेला, ग्रीक बेरजेशी त्याचा काय संबंध? आणि सर्वांत गमतीची गोष्ट म्हणजे हिपोक्रेटिसचे ग्रंथ अथेन्सच्या बोलीत नाहीत, आयोनियन बोलीत आहेत. तिथे षष्ठी 'क्रिसिओस' होते, बेरीज ६१०. धन्य तो दिवस एका बोलीत आला आणि दुसऱ्या बोलीत गेला. अर्थात ६१० हा फिबोनाचीच्या मालिकेतला, म्हणजे आपल्या हेमचंद्र या जैन पंडिताच्या मात्रांच्या मोजणीतला आकडा आहे, तेव्हा हवं असेल तर चौथा चमत्कारही तयार आहे. द्वितीया ३९०. ती वाचकांसाठी सोडतो.

हा खेळ राहिला असता तर तक्रार नव्हती. तो रोग्याच्या खाटेपर्यंत गेला. लायडनला जपून ठेवलेल्या एका प्राचीन ग्रीक पपायरसमध्ये 'डेमोक्रिटसचा गोल' नावाचा तोडगा आहे. रोगी जगेल की मरेल? त्याच्या नावाची बेरीज करा, तो चंद्राच्या ज्या तिथीला आजारी पडला ती मिळवा, तिसाने भागा, आणि बाकी तक्त्याच्या वरच्या भागात आहे की खालच्या ते पाहा. वर म्हणजे जगेल, खाली म्हणजे मरेल. आपल्या फिलिस्कसची बेरीज १०४०. तिसाने भागून बाकी २०. तिथी ठाऊक असती तर दोन मिनिटांचं काम होतं. सहा दिवस खाटेशी बसायची, काळी लघवी पाहायची, रात्री उठून श्वास मोजायची गरज नव्हती. दुसऱ्या गावाहूनही सांगता आलं असतं.

पहिला फरक मला इथे दिसतो. दिवस मोजायचे तर रोग्यापाशी राहावं लागतं. नाव मोजायचं तर त्याचं तोंडही पाहावं लागत नाही.

यावर जाणता वाचक म्हणेल, हे ठीक आहे, पण चुकण्याचं काय? गोल तर बेधडक सांगतो, जगेल किंवा मरेल. तेही खोटं ठरू शकतं. उलट गेलनच्या दिवसांना हव्या तितक्या पळवाटा: ताप कधी सुरू झाला इथूनच वाद, पहिला दिवस धरायचा की नाही, भिंत सामाईक की वेगळी. मग शास्त्रीय कोण? हा आक्षेप मला पटतो, आणि म्हणूनच 'खोटा ठरू शकेल तो आकडा खरा' एवढ्यावर मी थांबत नाही. प्रश्न खोटा ठरण्याचा कमी आणि खोटा ठरल्यावर लिहून ठेवण्याचा जास्त आहे. वाण्याच्या कीर्दीत जमेची बाजू असते तशी नावेची असते. नुसती जमा दाखवणारी वही वही नसते, जाहिरात असते. त्या गोलाने किती जणांना 'जगेल' सांगितलं आणि त्यातले किती गेले, याची वही कुणी ठेवली नाही. 'एपिडेमिक्स'च्या ४२ रोग्यांपैकी २५ दगावले आहेत. निम्म्याहून जास्त! कुठला वैद्य आपल्या हातून गेलेल्यांची अशी दिवसवार यादी मागे ठेवतो? पण ती ठेवली गेली, म्हणून सेल्ससला विसंगती दिसली, आणि म्हणून आज आपल्याला फिलिस्कसचा ताप कसला असेल याचा अंदाज बांधता येतो. गेलन घसरला तो वही बंद करून चंद्राकडे पाहू लागला तेव्हा.

वही पुन्हा उघडायला फार काळ लागला. १८३५ मध्ये पॅरिसच्या डॉक्टर पिएर लुईने न्यूमोनियाच्या रोग्यांचं रक्त आजाराच्या कितव्या दिवशी काढलं, आजार किती दिवस चालला आणि किती दगावले, हे तक्ते करून छापलं. रक्त काढण्याचा फायदा सगळे समजत होते त्याहून बराच कमी निघाला. त्याने आपल्या रीतीला 'आकड्यांची पद्धत' असंच नाव दिलं होतं. पुन्हा दिवसच मोजले, पुन्हा न्यूमोनियाच. नावेची बाजू तेवढी भरली.

आपल्याकडची वहीही एकदा निगुतीने पाहायला हवी. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात सन्निपातज्वर सातव्या, दहाव्या किंवा बाराव्या दिवशी उसळून एक तर शमतो किंवा मारतो असं सांगितलं आहे. सातवा ग्रीकांशी जुळतो, दहावा आणि बारावा त्यांच्या मुख्य यादीत नाहीत. जुळतो तेवढ्यावर 'बघा, सगळं आपल्याकडे होतं' म्हणणारे भेटतात, जुळत नाहीत त्या दोघांबद्दल ते बोलत नाहीत. ही पुन्हा नुसत्या जमेचीच वही झाली. आणि आजच्या अंकशास्त्र्यांची तर गोष्टच वेगळी. आमच्या सोसायटीतल्या एका मुलाच्या इंग्रजी नावात त्यांनी एक 'ए' वाढवायला लावला. मराठीत त्याचं नाव होतं तसंच आहे, आजी त्याला बाळ्याच म्हणते, आणि ग्रह म्हणे इंग्रजी स्पेलिंग वाचून वागतात.

शब्दाचं पुढे काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. युरोपात 'क्रायसिस' खाटेवरून उठून बाजारात गेला, अर्थव्यवस्थेचा झाला. 'क्रिसिस'ला अरबीत प्रतिशब्द होता 'बुहरान'. युनानी हकीम तापाच्या निवाड्याला आजही तेच म्हणतात, आणि उर्दू वर्तमानपत्रांत तो आर्थिक संकटाच्या मथळ्यात असतो. मराठीतल्या मार्क्सवाद्यांनी भांडवलशाहीच्या 'क्रायसिस'साठी 'अरिष्ट' निवडला. तो आयुर्वेदात मृत्यूची चाहूल देणाऱ्या लक्षणाचा शब्द. तीन भाषा, तीन वैद्यकीय शब्द, तिघेही एकाच बाजारात. (दशमूलारिष्टाच्या बाटलीतला अरिष्ट वेगळा, घाबरू नये.) जाताना मात्र तिघांचीही तारीख गळून पडली. वैद्याच्या 'क्रिसिस'ला सातवा किंवा चौदावा दिवस होता, त्या दिवशी निकाल लागे. आजचा 'क्रायसिस' वर्षानुवर्षं चालतो, त्याचा निवाडा कधी होणार हे कुणी विचारत नाही.

मामांचे बहात्तर तास संपले तेव्हा आम्ही सगळे त्या दाराशी गोळा झालो होतो. डॉक्टर बाहेर आले, फाइल चाळली आणि म्हणाले, सुधारणा आहे, पण अजून अठ्ठेचाळीस तास जाऊ देत. मावशीने नव्याने मोजायला घेतलं. सहाव्या रात्री ताप उतरला. जुलमी सत्ताधीशाच्या दिवशी, हे मी कुणाला बोललो नाही. अकराव्या दिवशी मामांना घरी सोडलं. हिपोक्रेटिसच्या सूत्रांत अकरावा दिवस मुद्दाम लक्ष ठेवण्याचा म्हणून सांगितला आहे. मी ते मामींना सांगणार होतो. पण त्या फोनवर होत्या, आणि पलीकडून कुणीतरी किती दिवस होते दवाखान्यात असं विचारत होतं. मामी क्षणभर थांबल्या. दहा म्हणावं तर दहावा, अकरा म्हणावं तर अकरावा. बारा-तेराचं तर नावच नको.

'दीड आठवडा,' त्या म्हणाल्या.